बे एके बे, उठा: घरातल्या ज्येष्ठांची फिजिओथेरपी सुरू करताना

फिजिओ म्हणून कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की मी पिशवीतून मशीन काढत नाही, खुर्ची मागते. हात नसलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. मग सांगते, "काकू, हाताची घडी छातीशी घ्या आणि उठून दाखवा." काकू जरा पुढे झुकतात न झुकतात तोच मुलगा किंवा सून धावत येते आणि काखेत हात घालून त्यांना उभं करते. काकूंच्या पायात किती ताकद आहे ते मला कळलेलं नसतं, पण घर कसं आहे ते कळतं.

हा लेख त्या धावत येणाऱ्यांसाठी आणि ज्यांना उठायचंय त्यांच्यासाठी. फिजिओ म्हणजे 'लाईट घ्यायला जाणं' किंवा 'करंट लावणं' एवढीच ओळख असेल तर सुरुवात इथून करा. गुडघे झिजलेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, पडण्याची भीती बसलीय किंवा नुसताच अशक्तपणा आहे, बाकी तपशील बदलतील, पण खुर्चीतून आपलं आपण उठणं हे या सगळ्यांच्या मुळाशी आहे. ते जमलं की संडासला जाणं जमतं, आणि संडासला एकट्यानं जाता येणं म्हणजे काय हे ज्यांचं ते गेलंय त्यांना विचारा.

१. आधी डॉक्टरांकडून काय विचारून घ्यायचं

ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जच्या गडबडीत एक प्रश्न हमखास राहतो: पायावर वजन किती टाकायचं? पूर्ण, अर्धं की नुसता अंगठा टेकवायचा? हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्या. खुब्याचं हाड मोडल्यावर कुणाला रॉड किंवा स्क्रू घालतात, कुणाचा सांधा अर्धा किंवा पूर्ण बदलतात. हल्ली बहुतेकांना ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं करतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण सांधा बदलला असेल तर बुटक्या स्टुलावर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं सर्जन परवानगी देईपर्यंत बंद, कारण नवा सांधा निखळू शकतो. "सांधा मागून उघडला की पुढून?" हेही विचारा. पथ्यं त्यावर थोडीफार बदलतात.

गुडघ्यांचं दुखणं असेल तर एक्स-रे बघून खचू नका. 'वंगण संपलं', 'गॅप गेली' हे ऐकून माणूस चालणंच सोडतो. फोटोत झीज भरपूर आणि दुखणं बेताचं, असं खूपदा असतं. उलटही असतं. झिजलेल्या गुडघ्याला पहिला इलाज व्यायामाचाच सांगितला जातो. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट असेल तर गुडघ्याचा बराच भार तो उचलतो.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी फिजिओला दाखवा. रक्तदाबाची, झोपेची, शुगरची. इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको.

पुढच्यापैकी काही दिसलं तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठायचे: छातीत दुखणं, अचानक धाप, एकाच पोटरीला सूज आणि ठणका, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं, पडल्यानंतर पायावर उभंच राहता न येणं. एका पोटरीची सूज ही रक्ताच्या गुठळीची असू शकते. तिथे मालिश अजिबात करायची नाही.

२. फिजिओ कसा ओळखायचा

बी.पी.टी., म्हणजे बॅचलर ऑफ फिजिओथेरपी, ही पदवी असते. आतापर्यंत शिकून आलेल्या बहुतेकांनी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं त्यात घालवलेली असतात. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचाराची (म्हणजे फिजिओथेरपीची) राज्य परिषद आहे, तिथला नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. चांगल्या माणसाला राग येत नाही. मालिश करून देणारे, 'हाड बसवणारे' आणि फिजिओ यांत फरक आहे.

पहिल्या भेटीत फिजिओनं काहीही न विचारता, न मोजता थेट मशीन लावलं, तर मी असते तर दुसऱ्यांदा बोलावलं नसतं. तुम्हाला कुठं जायचंय, काय करायचंय हा प्रश्न यायला हवा. घरी बोलावणं परवडत नसेल तर सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत भौतिकोपचार विभाग असतो. मुंबईत पालिकेच्या केईएम रुग्णालयात हे शिक्षण १९५० च्या दशकापासून चालू आहे, आणि हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्थाही त्याच दशकातली. रांग असते, मान्य. पण आठवड्यातून एकदा जाऊन व्यायाम शिकून यायचा आणि उरलेले दिवस घरी करायचा, हे पुष्कळांना पुरतं.

३. मोजा आणि कॅलेंडरवर लिहा

शेजारी कुणीतरी उभं राहावं, हात न लावता. तीन गोष्टी मोजायच्या.

पहिली, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठून पूर्ण उभं राहता येतं. खुर्ची साधारण १७ इंच उंच, हात छातीशी. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बाईला ११ पेक्षा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमलं तर पाय कमकुवत समजायचे. पंचाहत्तर ते एकोणऐंशीला हेच आकडे १० आणि ११ आहेत, ऐंशी ते चौऱ्याऐंशीला ९ आणि १०. हात टेकावेच लागले तर शून्य लिहायचं. शून्याची लाज वाटून घेऊ नका. माझ्याकडची बरीच मंडळी शून्यावरूनच निघाली.

दुसरी, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजच्या चालीनं, शर्यत नाही. काठी वापरत असतील तर काठीसकट. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरायचं. वळताना काय होतं ते नीट बघा. पडणारी माणसं पुष्कळदा सरळ चालताना नाही, वळताना पडतात.

तिसरी, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एका रेषेत, १० सेकंद उभं राहणं. ओट्याजवळ करा, म्हणजे तोल गेला तर हाताशी काहीतरी असेल.

तिन्ही आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर. जिथे दुधाच्या आणि गॅसच्या नोंदी होतात तिथेच.

४. आता उठायला शिकायचं

इतकी वर्षं उठतोय, त्यात शिकायचं काय? पण ताकद कमी झाली की पद्धतच कामाला येते. सीटच्या पुढच्या काठाकडे सरका. दोन्ही पावलं मागे घ्या, गुडघ्यांच्या थोडी मागे, टाचा जमिनीला. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत. आणि मग उठा. बहुतेक जण पुढे वाकायला घाबरतात, मागेच रेलून वर जायला बघतात आणि धपकन परत बसतात. सून हात ओढते तेव्हाही हेच होतं, पाय पुढेच राहतात आणि सगळं वजन तिच्या कमरेवर येतं.

हात न टेकता जमत नसेल तर खुर्ची उंच करा. घट्ट गादी किंवा घडी केलेली सतरंजी सीटवर ठेवा. मऊ उशी नको, त्यात माणूस रुततो. तरीही जमेना तर एक हात टेकायचा, मग बोटं, मग काहीच नाही. आणि खाली बसताना स्वतःला सोडून द्यायचं नाही. मनात चार आकडे होईपर्यंत हळूहळू बसायचं. ताकद उठण्याइतकीच या बसण्यातही येते.

किती वेळा? इथे मी बेचा पाढा म्हणायला लावते. बे एके बे, उठा, बसा. बे दुणे चार, उठा, बसा. बे दाही वीसला दहा होतात. पाढा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो. एका आजोबांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "पावकी चालेल का?" पावकी, म्हणजे पावपटीचा पाढा, मला येत नाही हे कबूल केल्यावर त्यांचा माझ्यावर जरा विश्वास बसला.

एक पाढा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा एक पाढा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन उठणे कष्टाचे वाटायला हवेत. दहाच्या दहा अगदी सहज होत असतील तर तो व्यायाम राहिला नाही, मग सतरंजीची एक घडी काढा. इथेच बहुतेक घरांचं गाडं अडतं. सहा महिने तोच सोपा व्यायाम चालतो आणि "फरक नाही" म्हणून बंद पडतो. बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांची जड वजनं उचलून घेतली होती. १९९० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. ती माणसं फिरत्या-धावत्यांपैकी नव्हती, अशक्तच होती. तेव्हा 'या वयात कुठलं' हे वाक्य मी ऐकून घेते आणि सतरंजीची घडी काढते.

याच्या जोडीला तीन-चार गोष्टी पुरतात. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. ओट्याला धरूनच एक पाय बाजूला उचलणं, कंबर न कलवता. खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं, घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून. जमलं की एक किलो. आणि टाचेला बोटं लावून उभं राहायचा तो तोलाचा व्यायाम, आधी दोन हात ओट्यावर, मग एक, मग एक बोट. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं घरच्या घरी करायचा जो क्रम बसवला तो याच धाटणीचा आहे. घोट्याला वजनं, तोलाचे व्यायाम आणि चालणं. त्यानं पडण्याचं प्रमाण साधारण एक-तृतीयांशानं कमी झालेलं दिसलं.

नुसतं चालणं का पुरत नाही, हा प्रश्न सकाळी बागेत फिरणारे काका हमखास विचारतात. चाला, जरूर चाला. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. पण तीच संघटना ताकदीचे व्यायाम दोन दिवस आणि तोलाचे तीन दिवस वेगळे सांगते. रोज चार फेऱ्या मारणाऱ्या काकांना जमिनीवरून उठता येत नाही, हे मी पाहिलंय.

दुखलं तर? थोडं दुखणं चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं हवं. सकाळी गुडघा सुजलेला असेल किंवा दुखणं वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका.

५. शेक, लाईट, मालिश

मी मशीनच्या विरोधात नाही. दुखणं इतकं असेल की पाय हलवूच देत नाही, तर शेक किंवा करंटनं तासभर आराम मिळतो आणि त्या तासात व्यायाम करून घेता येतो. एवढंच त्याचं काम. महिनाभर फक्त लाईट घेतला तर लाईटवाल्याचं बरं होतं. मालिशही सुखाची असते, पण तिच्यात मेहनत दुसऱ्याची होते.

मधुमेह असेल तर शेकताना सांभाळा. पावलांची जाणीव कमी झालेली असू शकते, रबरी पिशवीनं भाजलेलं कळतही नाही. आधी आपल्या हातावर पिशवी ठेवून बघा, मधे टॉवेल घाला, पंधरा मिनिटांत काढा.

६. घर

रात्री पलंगापासून संडासपर्यंतची वाट स्वतः दिवा न लावता चालून बघा. दुसरी कुठली यादी लागणार नाही. घडी पडलेलं पायपुसणं, मोबाईलच्या चार्जरची वायर, उंबरठा, ओली मोरी. वाटेत रात्रभर छोटा दिवा ठेवा. बाथरूममध्ये आधाराची दांडी भिंतीत ड्रिल मारून बसवलेलीच हवी. रबरी चोखणीनं चिकटणारी दांडी नेमकी जोर पडल्यावर सुटते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, तिच्या पायांचे रबर शाबूत आहेत का बघा. सैल सपाता टाकून द्या. पायघोळ गाऊनची कडा चार बोटं वर शिवून घ्या. नऊवारीतल्या आज्या गाऊनवाल्यांपेक्षा कमी अडखळतात, असं माझं आपलं निरीक्षण.

पलंगावरून एकदम उठू नये. काठाशी बसायचं, पावलं वर-खाली करायची, मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, मग उभं राहायचं. उभं राहिल्यावर वरचा रक्तदाब २० नं खाली आला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्यांत हे पुष्कळदा होतं. झोपून आणि उभं राहून, दोन्ही दाब मोजून डॉक्टरांना कळवा. गोळी आपण बदलायची नाही.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. सगळे उलटं करतात, सिनेमातसुद्धा. चपला घालून सरळ उभं राहिल्यावर हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ. खालचं रबरी बूच झिजलं की दहा-वीस रुपयांचं काम पुढे ढकलू नका. वॉकर आणण्याआधी बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा. जिना चढताना धड पाय आधी, मग दुखरा. उतरताना दुखरा आधी, काठी त्याच्या बरोबर.

७. जमिनीवरून उठणं

गुडघे दुखायला लागले की पहिला सल्ला मिळतो तो 'खाली बसणं बंद'. ऑपरेशन झालेल्यांसाठी तो बरोबर. पण ज्यांना अजून मांडी घालता येते आणि उठता येतं त्यांच्याकडून ते काढून घेऊ नये, असं माझं मत आहे. सगळे फिजिओ हे मान्य करतीलच असं नाही. पूजेला पाटावर बसून उठणं हा दिवसातला एक चांगला व्यायाम आहे.

आणि पडल्यावर उठता येणं शिकलेलं असावं, पडायच्या आधी. फिजिओ समोर असताना, जाड सतरंजीवर. कुशीवर वळायचं, कोपरावर टेकायचं, मग हात आणि गुडघे. रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत. दोन्ही हात सीटवर, धड पाय पुढे, जोर लावून वर, वळून बसायचं. खुब्यात किंवा मणक्यात जबर दुखत असेल तर मात्र हलायचं नाही, हाक मारायची. म्हणून मोबाईल गळ्यात किंवा खिशात हवा. टीव्हीवर ठेवलेला उपयोगाचा नाही.

८. घरच्यांनी काय करायचं

थांबायचं. उठायला सुरुवात झाली की मनात दहा मोजायचे आणि तोवर हात पाठीमागे. आधार द्यायचाच तर काखेत घालून उचलू नका, खांदा दुखावतो. दुबळ्या बाजूला, जरा मागे उभं राहा, कमरेला पट्टा बांधलेला असेल तर तो धरा. स्मृतिभ्रंश असेल तर 'व्यायाम करा' म्हणून काही होत नाही. तुळशीला पाणी घालायला उठवा, वाटाणे सोलून झाले की ताट ओट्यावर ठेवायला पाठवा.

आणि जायचं कुठे ते त्यांना ठरवू द्या. माझ्याकडच्या एका काकूंना गणपतीला गावी एसटीनं जायचं होतं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचं तिकीट माफ आहे, पण पायरी माफ नाही, आणि ती चांगलीच उंच असते. आम्ही आधी पाटावर चढलो, मग दोन पाट एकावर एक रचून घट्ट बांधले, मग सोसायटीच्या जिन्यात दांडा धरून एक पायरी सोडून चढलो. 'मांडीचा स्नायू' म्हणून त्यांनी इतकी मेहनत कधी केली नसती.

सुरुवातीला फिजिओ आठवड्यातून दोन-तीनदा, मग एकदा, मग महिन्यातून. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला तेच तीन आकडे पुन्हा मोजायचे. बाराव्या आठवड्यालाही आकडा हलला नसेल तर व्यायाम फार सोपा आहे, किंवा होतच नाहीये, किंवा पोटात पुरेसं जात नाही. चहा-बिस्किटावर स्नायू वाढत नाही. वरण, उसळ, दूध, अंडं, मासे, जे खात असतील ते प्रत्येक जेवणात असावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

मधे ताप येईल, लग्न येईल, फिजिओ रजेवर जाईल. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवल्यावर पायांतलं जवळपास किलोभर मांस उतरलेलं एका अभ्यासात आढळलं होतं. त्यामुळे तापातही शक्य असेल तेव्हा जेवायला खुर्चीत बसवा, संडासला चालवत न्या. आणि बरं वाटल्यावर जिथे सोडलं तिथून धरू नका, पहिल्यापासूनही नको. त्या आठवड्याच्या चौकोनात 'ताप' असं लिहा, सतरंजीची एक घडी परत सीटवर टाका आणि सोमवारी बे पाचे दहापर्यंतच जा.